भिंतीवरचं बटण

आमच्या घरात आता माणसं दोन आहेत आणि वायफायला जोडलेल्या वस्तू चौदा. ही मोजदाद माझी नाही, मुलाची. तो पुण्यात बसून मोबाइलवर आमच्या जबलपूरच्या घराची हजेरी घेतो. मीही जन्मभर शाळेत हजेरी घेतली, पण माझ्या वर्गात निदान ओ देणारी पोरं होती. इथे टीव्ही हजर, स्पीकर हजर, आम्हा दोघांच्या मनगटावरची घड्याळं हजर, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते सांगणारं एक यंत्रही हजर. पोरांच्या वरताण शिस्त आहे त्यांना. फक्त बोलावलं तर एकही कामाला येत नाही.

सुरुवात साधी होती. एक राउटर आला आणि देवघराशेजारच्या खिडकीत बसला, कारण तार तिथूनच आत घ्यायची सोय होती. त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे रात्रभर असंच जागं राहणार?" हे म्हणजे माझे यजमान. चालू राहिलेली वस्तू ह्यांच्या डोळ्यांत खुपते. त्याला कारण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

ह्यांची सगळी नोकरी डिफेन्सच्या फॅक्टरीत झाली. तिथे जे काम चालायचं त्याच्या आसपास एक ठिणगीही परवडणारी नव्हती. म्हणून संध्याकाळचा भोंगा झाला की सेक्शनमधून शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच खाली ओढायचा, हाताने चाचपून बघायचा आणि मगच दाराला कुलूप घालायचं. बहुतेक वेळा शेवटी निघणारे हेच. ह्यांना दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटायचा नाही. रिटायर झाल्यावर फॅक्टरी सुटली आणि नियम घरी आला. ओमतीच्या बाजारात चष्म्याची काडी बसवायला जायचं असो की तिलवाऱ्याला नर्मदेवर, आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन खाली, मग कुलूप. उन्हाळ्यात फ्रिजमधलं दूध नासलं म्हणून मी कितीदा तरी भांडले असेन. "दूध नवीन आणता येतं," एवढंच म्हणायचे.

कुलूपसुद्धा सरळ नाही. पुढचं दार आतून कडी लावून बंद करायचं, मागच्या अंगणातून बाहेर पडायचं, आणि अंगणाच्या जाळीच्या फाटकातून हात आत घालून कुलूप आतल्या बाजूने लावायचं. चोराला वाटलं पाहिजे की माणसं घरातच आहेत. हात इतका वाकवावा लागतो की एकदा ह्यांच्या सदऱ्याची बाहीच फाटली. पण चोर आला नाही, हेही खरंच.

असं आमचं बरं चाललेलं असताना मी न्हाणीघरात घसरून पडले आणि मनगट मोडून घेतलं. मुलगा धावत आला. प्लास्टर बघून त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "आता बास. दोघांनी पुण्याला चलायचं. घर भाड्याने देऊन टाकू." सुनेनेही फोनवर प्रेमानेच आग्रह केला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला इथून हलायचं नव्हतं. माझं माहेर इथलं, सासर इथलं. माझ्या शाळेतल्या पोरी आता स्वतःच्या पोरी घेऊन बाजारात भेटतात आणि "मॅडमजी" म्हणून भर रस्त्यात पाया पडतात. मी मराठीत भांडते, हिंदीत भाजी घेते आणि दोन्हींत हसते. पुण्यात माझ्या मराठीला सोसायटीतल्या बायका "गोड आहे हो तुमची भाषा" म्हणतात. तो गोडवा मला आठ दिवसांच्या वर सोसत नाही.

मुलगा शेवटी तडजोडीला आला. आम्ही इथे राहायचं, पण त्याला तिथून सगळं दिसलं पाहिजे. त्या तडजोडीपोटी एकेक वस्तू घरात शिरली. बैठकीत कॅमेरा बसला. आमच्या मनगटांवर घड्याळं आली. ह्यांचं घड्याळ दर थोड्या वेळाने थरथरून "उठा, चाला" सांगतं. "आमच्या फोरमनने पण एवढं नाही उठवलं कधी," म्हणत हे उठतात मात्र. स्पीकरला हिंदी येतं, पण माझं हिंदी येत नाही. मी त्याला हळदीकुंकवाच्या दिवशी भजन लावायला सांगितलं तर त्याने हवामान सांगितलं. त्याच दिवशी मी कॅमेऱ्यावर चहाच्या किटलीची टोपी चढवली, कारण आलेल्या बायका तिथेच पदर सारखे करत होत्या. पाच मिनिटांत मुलाचा फोन.

"आई, कॅमेरा काळा काहून दिसून राहिला?"

"त्याला थंडी वाजून राहिली होती," मी म्हटलं.

सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात तो बल्ब आला. म्हणे हा बल्ब तोंडी सांगितलं की लागतो, फक्त भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं. मी मुलाला विचारलं, "भिंतीवर बटण आहे ना? मग मी त्याच्याशी बोलू कशाला?" त्याने खूप समजावलं. मी सकाळी उठून बटण दाबायची ते दाबतच राहिले, आणि काम झालं की बंद करत राहिले. मुलगा म्हणायचा की त्यामुळे तो बल्ब त्याच्या मोबाइलवरून सारखा गायब होतो. होऊ दे म्हटलं. बाकीच्या वस्तू आहेत ना हजर?

खरी अडचण वेगळीच होती. आम्ही बाहेर निघालो की हे इन्व्हर्टर आणि मेन बंद करायचे, आणि पुण्याला एकदम सगळं घर नाहीसं व्हायचं. मग फोनवर फोन. एकदा आम्ही लग्नात जेवत असताना मुलगा ह्यांच्यावर ओरडला. ह्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला की आजपासून मेन बंद करणार नाही. आमच्या घरात शब्द दिला म्हणजे दिला. त्यानंतर हे कुठेही निघाले की मेनच्या डब्याकडे एकदा बघायचे आणि मान वळवायचे. गोड सोडलेला माणूस मिठाईच्या दुकानावरून जातो तसे. मला दया यायची. शब्द मात्र त्यांनी पाळला.

आणि मग तो मटारचा दिवस आला.

ह्यांच्या एका फॅक्टरीतल्या मित्राची शहपुऱ्याकडे शेती आहे. हिवाळ्यात तिथला मटार निघाला की तो आम्हाला घेऊन जातो. त्या सकाळी तो जीप घेऊन दारात आला आणि घाई करत हॉर्न वाजवायला लागला. मी डबे घेऊन पुढे जाऊन बसले. हे "गॅस बघून येतो" म्हणून परत आत गेले आणि नेहमीसारखे मागच्या फाटकातून, हात वाकवून कुलूप लावून आले. आमची स्कूटर अंगणात तशीच उभी होती.

दिवस फार छान गेला. कोवळ्या शेंगा तिथेच उभ्याने खाल्ल्या. मित्राच्या बायकोने गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे जाड कणकेच्या रोट्या, भाजल्या आणि वांग्याचं भरीत केलं. तिथे शेतात रेंज अजिबात नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. ह्यांच्या घड्याळाने दोनदा उठायला सांगितलं तेव्हा ह्यांनी ते काढून खिशात टाकलं.

दुपार कलताना जीप आमच्या गल्लीत वळली, तर आमच्या दारासमोर ही गर्दी. मित्राने जीप तिथेच थांबवली. पुढच्या दाराची एक फळी चौकटीसकट निखळून लोंबत होती. शेजारच्या दीदी पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. मला मटाराचं पोतं धरून उतरताना बघितलं आणि त्या किंचाळल्याच.

"आंटीजी! आप लोग बाहर थे?"

हळूहळू सगळं कळलं. सकाळी आमच्या हजर असलेल्या सगळ्या वस्तू मुलाच्या मोबाइलवरून एकाच वेळी नाहीशा झाल्या. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर राउटर चालतो, हे त्याला माहीत. बाबा मेन बंद करत नाहीत, हे त्याहून पक्कं माहीत, कारण बाबांचा शब्द होता. आमचे फोन लागेनात. त्याने दीदींना फोन केला. त्या आल्या, त्यांनी बेल दाबली. वीजच नाही तर बेल कुठली वाजणार? पुढच्या दाराला आतून कडी. मागे जाऊन पाहिलं तर फाटकाचं कुलूप आतल्या बाजूला आणि स्कूटर अंगणात. ज्या चोराची आम्ही इतकी वर्षं तयारी केली होती तो आला असता तर नक्की फसला असता. दीदी फसल्या. त्यांना वाटलं आम्ही दोघं आत पडलो आहोत. दीदींच्या यजमानांनी, म्हणजे भैयांनी, आणि गल्लीतल्या चौघांनी मिळून दार फोडलं, खोल्या-खोल्यांतून हाका मारत फिरले, पलंगाखालीसुद्धा बघितलं. आत कुणी नाही म्हटल्यावर जिवात जीव आला, आणि मग आम्ही गेलो कुठे ही नवी काळजी सुरू झाली.

हे तडक मेनच्या डब्याजवळ गेले. इन्व्हर्टर बंद होता आणि स्विच खाली. त्यांनी तो हाताने चाचपून बघितला.

"मी नाही केला गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीच केला असन. हातानं केला. मले मालूमच नाही पडलं."

इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी पाहिला नव्हता. मोडलेल्या दाराचं त्यांना काही नव्हतं. शब्द मोडला, त्याचं होतं.

मुलाला फोन लावला तेव्हा तो विमान बदलायला वाटेतल्या विमानतळावर उतरला होता.  आमचा आवाज ऐकल्यावर तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "अरे, आम्ही मस्त आहोत, मटार आणलाय." तो म्हणाला, "मी येऊनच राहिलो." पुढचं विमान पकडून तो संध्याकाळी पोहोचला. तोवर सुताराने दाराला तात्पुरती पट्टी ठोकली होती. दीदींकडे मी अर्धा मटार पोहोचवला होता. दुसरं काय करणार?

त्या संध्याकाळी मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडले असते. तो शांतपणे म्हणाला, "आई, मी दिवसभर काय काय विचार केला ते तुला सांगू नाही शकत. आता नाही होत माझ्याकडून. होळीच्या आधी तुम्ही पुण्याला या." हे खाली मान घालून मटार सोलत बसले होते. एरवी पुण्याचं नाव निघालं की माझ्या आधी हे उसळायचे. आता शब्द मोडलेल्या माणसाला बोलायला तोंड नव्हतं. मला कळून चुकलं की आता घर जातंय. मी ताटं घेतली, वाढलं, आणि भाजीत मीठ टाकायला विसरले. तिघांनीही ती तशीच खाल्ली.

सकाळी नेहमीप्रमाणे उजाडायच्या आधी उठले. स्वयंपाकघरात गेले, बटण दाबलं, दिवा लागला. चहाचं आधण ठेवलं आणि मागे वळले तर दारात मुलगा उभा. लहानपणी परीक्षेच्या दिवशी उभा राहायचा तसा, चादर अंगाभोवती गुंडाळून. हातात मोबाइल होता.

"हे बघ," त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. सगळ्या वस्तूंच्या नावांपुढे हिरवे ठिपके होते. "आई-किचन" या नावापुढचा ठिपका नुकताच हिरवा झाला होता.

"तू टोपी घातल्यापासून मी कॅमेरा बघतच नाही, आई," तो म्हणाला. "मला लाज वाटते. घड्याळाचे आकडे पण नाही बघत. बाकी सगळं तर आपोआप चालतं, तुम्ही असा की नसा. हा एकच दिवा तू हातानं लावते. रोज सकाळी मी अंथरुणातच फोन उघडतो आणि याची वाट बघतो. हा लागला की उठतो. तोवर आंघोळीला पण नाही जात."

"आणि तूच तर म्हणत होता बटण दाबू नको म्हणून!"

"तेव्हा नव्हतं समजलं."

मी गॅसकडे तोंड केलं. चहा उतू जात होता, आणि माझे डोळेही. माझा मुलगा इतक्या दूर, त्या मोठ्या शहरात, अंगावर पांघरूण घेऊन माझ्या चहाच्या वेळेची वाट बघत बसतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या चौदा वस्तूंना मी किती नावं ठेवली होती. त्यांतल्या एकीलाही आता काही म्हणवेना.

"मग असं कर," मी गॅस बारीक करत म्हटलं. "हा दिवा रोज लागेल. मला इथंच राहू दे."

"आणि एखाद्या दिवशी नाही लागला तर?"

मी चहा गाळायला घेतला. तोच म्हणाला, "ज्या दिवशी नाही लागणार, त्या दिवशी मी येईन आणि तुम्हाला घेऊन जाईन. मग एक शब्द नाही ऐकणार. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आमच्या मागे हे कधी येऊन उभे राहिले होते, आम्हाला कळलंच नाही.

मुलगा परत गेल्यावर ह्यांनी स्टूल घेतलं, टेस्टर घेतला आणि घरातली वायरिंग उघडली. मला जवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी मला नवी व्यवस्था समजावून सांगितली. आता इन्व्हर्टरवर दोनच गोष्टी, राउटर आणि स्वयंपाकघरातला दिवा. बाहेर निघताना मेन खाली ओढला तरी चालेल, इन्व्हर्टरला मात्र हात लावायचा नाही. इन्व्हर्टरच्या बटणावर त्यांनी काळी चिकटपट्टीच मारली. "हाताचा भरवसा नाही," म्हणाले. कुलूपही आता बाहेरच्या बाजूने लागतं. चोराला काय वाटायचं ते वाटो.

होळी आली आणि गेली. दिवा रोज लागत होता. मला आता उठताना एक निराळंच वाटायचं. पूर्वी मी चहासाठी दिवा लावायची. आता कधी कधी चहाची तल्लफ नसली तरी उठायची, की चला, तिकडे एकाची आंघोळ खोळंबली असेल. कुणासाठी तरी दिवसाची सुरुवात आपल्या हातून होते, हे सुख मला शाळा सुटल्यापासून मिळालं नव्हतं.

मग एकदा मला ताप भरला. साधाच, पण अंग मोडून आलेलं. पहाटे जाग आली, उठायला गेले तर डोकं गरगरलं आणि मी परत उशीवर पडले. बाहेर अजून अंधार होता. शेजारी हे घोरत नव्हते. मी डोळे मिटून म्हटलं, "अहो, दिवा."

ते आधीच उठून बसले होते. भिंतीला धरत स्वयंपाकघराकडे गेले. या माणसाने आयुष्यात स्वतःचा चहा कधी केलेला नाही. बटणाचा आवाज मला अंथरुणात ऐकू आला. दारातून उजेडाची पट्टी आली आणि लगेच बटणाचा दुसरा आवाज आला. अंधार झाला. हे परत येऊन बसले.

"लावला," म्हणाले.

"बंद काहून केला?"

"काम झालं ना. आत कोणी नाही, उगीच काहून जळू द्यायचा?"

मला तापातही हसू आलं. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला.

"बाबा, आईला काय झालं?" मुलाचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिला काय व्हायचं? दिवा तर लागला. तू नाही पाहिला?"

"पाहिला. लागला आणि लगेच बंद झाला. आई दिवा लावून लगेच बंद करत नाही बाबा. ते तुम्ही करता."

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मी जबलपूरच्या घराचा मनातल्या मनात निरोप घेतला. नर्मदेचा, दीदींचा, "मॅडमजी" म्हणणाऱ्या पोरींचाही. मग हे बोलले, आणि शब्द मोडल्याच्या दिवसापासून बुजलेला त्यांचा आवाज पहिल्यांदा सरळ आला.

"तिला ताप आहे. साधाच आहे, मी औषध देऊन राहिलो. ती उठू नाही शकली म्हणून मी उठलो. मी आहे इथं."

 मग मुलगा म्हणाला, "चहा कोण करणार?"

"मीच."

"अंधारात?"

हे फोन कानाला तसाच धरून उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि उजेडाची पट्टी पुन्हा माझ्या पलंगापर्यंत आली. भांड्यांची पुष्कळ आदळआपट झाली. फोनवर मुलगा आधी पाणी, मग साखर, मग आलं असं सांगत होता आणि हे "अच्छा, अच्छा" करत होते. पुण्याच्या तिकिटाचं कुणी नाव काढलं नाही.

चहा फार गोड झाला होता. मी सगळा प्यायले. उजाडलं, उन्हं अंगणात आली, दीदी डोकावून गेल्या, डॉक्टर येऊन गेले. स्वयंपाकघरातला दिवा दुपारपर्यंत भर उजेडात जळत होता. हे चार वेळा त्याच्या समोरून गेले आणि चारही वेळा हात मागे बांधून गेले.